फुगे फोडत वाचणारी मी आणि सध्याची कॉमिक्स

सध्या एकाच वेळी पाच-सहा कॉमिक्स चालू आहेत. ही चांगली सवय आहे की वाईट ते सोडा, पण प्रत्येकाबद्दल डोक्यात इतकं साचलंय की आता लिहूनच टाकते. स्पॉयलर शक्यतो टाळलेत, एखाददुसरा निसटला असेल तर आधीच सॉरी.

सुरुवात एका भांडणापासून झाली. धाकट्या भावाला मी ऐटीत सांगत होते की 'माउस' माझं कधीच वाचून झालंय, दोन संध्याकाळींत उडवलं, आणि त्याने एकदम विचारलं, "मग सायकलवाल्या पानावरचा नंबर बघितलास?" कुठली सायकल? कुठला नंबर? तर म्हणाला, "ताई, तू कॉमिक वाचत नाहीस गं, तू नुसते संवादांचे फुगे फोडत जातेस. एक फुगा वाचला, फट्, पुढचा फुगा, फट्, चित्र गेलं उडत."

लागलं ते. खरं होतं म्हणून जास्तच लागलं. मी कादंबऱ्यांवर वाढलेली, त्यामुळे पान उघडलं की डोळे आधी अक्षरांवर जातात आणि चित्र म्हणजे अक्षरांच्या मागे लावलेला पडदा असं काहीतरी डोक्यात बसलेलं. मग ठरवलं की यावेळी प्रत्येक कॉमिक फुगे सोडून आधी चित्रं बघत वाचायचं, आणि खाली जे काही लिहिलंय ते त्या प्रयोगातनं आलेलं आहे. म्हणजे गोष्ट चांगली की वाईट एवढंच नाही, तर कुठलं पुस्तक मला किती थांबवतं, किती पळवतं, असा हिशोब.

तर 'माउस' पुन्हा उघडलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, आर्ट स्पीगलमन स्वतःच्या वडिलांकडून, म्हणजे व्लादेककडून, हिटलरच्या काळातली आठवण काढून घेतोय आणि ती चित्रात मांडतोय, ज्यू म्हणजे उंदीर, जर्मन म्हणजे मांजरं, पोलिश लोक डुकरं, अमेरिकन कुत्रे. पहिला भाग १९८६ चा, दुसरा १९९१ चा, आणि १९९२ साली याला पुलित्झरचा खास पुरस्कार मिळाला. हे सगळं मला आधीपासून माहीत होतं, नव्हता माहीत तो सायकलचा चौकोन. अगदी सुरुवातीलाच आहे. म्हातारा व्यायामाच्या सायकलवर बसून पायडल मारत बोलतोय, हात हँडलवर, आणि त्या दोन हातांच्या मधे, चौकटीत चौकट करावी तसा, खुर्चीत बसलेला मुलगा दिसतो. आणि म्हाताऱ्याच्या हातावर गोंदलेला नंबर, १७५११३. गप्पा त्याबद्दल नाहीतच. कोणी बोट दाखवत नाही, कोणी विचारत नाही, तो नंबर नुसता तिथे आहे, मुलगा त्या हातांच्या आत अडकलेला आहे आणि मी पहिल्या वाचनात फुगा फोडून पुढे निघून गेले होते. लाज वाटली राव.

मग हळूच एकेक सापडायला लागलं. व्लादेक आणि त्याची बायको आन्या लपत-छपत पोलिश बनून फिरतात तेव्हा त्यांच्या तोंडावर डुकराचे मुखवटे आहेत, मागे दोरी बांधलेली दिसते, आणि आन्याच्या कोटाखालून लांबलचक शेपूट बाहेर आलेली. ती चेहऱ्यावरून लगेच ओळखू येईल अशी होती हे वाक्यात पण आहे, पण ती शेपूट बघितल्यावर जी धडधड होते ती वाक्याने होत नाही. चित्रं मुद्दाम साधी, जाडसर रेघांची आहेत, छापलंय त्याच आकारात काढलेली, म्हणजे मोठं काढून नंतर लहान करून सफाईदार केलेली नाहीत, त्यामुळे कुणाची तरी वही उघडल्यासारखं वाटतं.

आणि मला सगळ्यात जास्त आवडलं ते हे की म्हाताऱ्याला देवमाणूस केलेलं नाही. छळछावणीतून वाचलेला माणूस म्हणजे शहाणा, शांत, क्षमाशील असं आपण धरून चालतो ना, इथे तो अर्धवट खाल्लेला डबा दुकानात परत करायला निघतो, गॅसचं बिल भाड्यात धरलंय म्हणून काडी वाचवायला शेगडी दिवसभर पेटतीच ठेवतो, सुनेचं आणि मुलाचं डोकं खातो. मुलाला त्याचा वैताग येतो आणि वैताग आल्याची लाजही वाटते, दोन्ही एकाच पानावर. मी पहिल्यांदा वाचताना म्हाताऱ्याचे हे सगळे प्रसंग 'मधले मधले' म्हणून भराभर उलटले होते, खरी गोष्ट युद्धातली असं समजून. आता वाटतं की अर्धी गोष्ट याच मधल्या मधल्यात आहे. दहापैकी गुण वगैरे मी यावर देणार नाही, ते बरं दिसत नाही.

यानंतर कोणी 'अकीरा' हातात घेऊ नये, पण मी घेतलं.

कात्सुहिरो ओतोमोचं हे जपानी प्रकरण १९८२ ते १९९० चाललं, सहा व्हॉल्यूम, दोन हजारांच्या वर पानं, एकेक व्हॉल्यूम मांडीवर ठेवला की पाय बधिर होतो. माझ्याकडचा सेट जपानी पद्धतीचा उजवीकडून डावीकडे वाचायचा आहे, पहिली वीस पानं मी सारखी उलट्या चौकटीत शिरत होते आणि उत्तर आधी, प्रश्न नंतर असं वाचत होते, मग डोळ्याला सवय झाली. आता गंमत अशी की मी ठरवलं होतं सावकाश वाचायचं, आणि हे पुस्तक सावकाश वाचूच देत नाही. ओतोमोने पान असं बांधलंय की नजर घसरते. मोटरसायकल एका चौकटीतून निघते आणि तिच्या वेगाच्या रेघा पुढच्या चौकटीकडे अशा ढकलतात की तुम्ही ब्रेक लावायला गेलात तरी दोन पानं पुढे जाऊन थांबता. आधी वाटलं मी परत फुगेच फोडतेय, मग लक्षात आलं की फुगे तर फारसे नाहीतच! तिसऱ्या व्हॉल्यूमच्या शेवटी पानांमागून पानं शब्दच नाहीत, इमारती कोसळतात, काचा, सळया, धूर, आणि प्रत्येक खिडकी वेगळी काढलेली. तिथे मात्र मी थांबले, कारण पळायला पुढे जमीनच शिल्लक नव्हती. अर्धा तास त्या पानांवर होते, आणि त्यात वाचण्यासारखं एक अक्षर नाही.

सिनेमा बघितलेल्यांनी 'गोष्ट माहितीये' म्हणून हे सोडू नका. सिनेमा १९८८ चा, ओतोमोनेच केलेला, पण तेव्हा कॉमिक संपलेलंच नव्हतं, त्यामुळे पुस्तकात अर्ध्याच्या पुढे जे काही आहे ते जवळपास वेगळीच दुनिया आहे. खुद्द अकीरा कोण, काय, हेही वेगळं. तक्रार एकच, चौथ्या व्हॉल्यूममध्ये गट इतके होतात की कोण कुणाच्या बाजूने लढतोय याचा पत्ता लागत नाही, मी कागदावर नावं लिहून ठेवली शेवटी. आणि बायकांची पात्रं, के नावाची मुलगी सोडली तर, जरा वाऱ्यावरच सोडलीत असं माझं मत, भाऊ म्हणतो नाही, चियोको विसरलीस का. बरं बाबा, चियोको मान्य. ती भिंतीसारखी बाई मशीनगन घेऊन उभी राहते ते मलाही आवडलं.

मधे एक तक्रार करून घेते, पुस्तकाची नाही, वाचायच्या साधनाची. मी एक कॉमिक मोबाईलवर घेतलं होतं, ॲपचं नाव जाऊ दे. त्यात अशी सोय आहे की टॅप केलं की एकच चौकट स्क्रीनभर मोठी होते, परत टॅप, पुढची चौकट. सोय म्हणून उत्तम, डोळ्यांना त्रास नाही, पण माझ्यासारख्या फुगे फोडणाऱ्या माणसाच्या हातात हे म्हणजे टाचणीच दिली की! पान असं काही राहतच नाही. कॉमिकमधे पान उलटलं की आधी सगळं एकदम दिसतं, कोपऱ्यातला काळा चौकोन, खालचा मोठा स्फोट, मग आपण वरून एकेक वाचायला लागतो, म्हणजे काय होणार ते डोळ्याच्या कडेला दिसलेलं असतं आणि तरी आपण वरून सुरुवात करतो, ती जी धाकधूक असते ती टॅप-टॅपमधे साफ मेली. तोच अंक नंतर भावाच्या टॅबवर पूर्ण पान ठेवून वाचला तर दोन विनोद नव्याने कळले. आणि छापील म्हणजे सगळं चांगलं असंही नाही, एक जाडजूड ऑम्निबस, म्हणजे बरेच अंक एकत्र बांधलेलं पुस्तक, घेतला होता त्याचं बाइंडिंग इतकं घट्ट की दोन पानांवर पसरलेल्या चित्राचा मधला भाग पार खाचेत गेला, नायकाचं नाकच दिसेना. पुस्तक पालथं घालून दाबलं तर पानं निसटायला लागली. परत करायला गेले तर म्हणे हा दोष नाही, जाड पुस्तकाचा स्वभाव आहे.

पान एकदम दिसण्यावरून 'वॉचमेन'. हे मी मानते पण माझं यावर प्रेम नाही, असं म्हटलं की लोक अंगावर येतात. ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्सचं, १९८६-८७ मधे बारा अंकांत आलेलं, सुपरहिरो खरंच असते तर किती बिघडलेले असते अशी गोष्ट. पानाची आखणी बहुतेक नऊ चौकटींची, तीन गुणिले तीन, घड्याळासारखी टिकटिक चालणारी. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ही आखणी कंटाळवाणी वाटली होती, आणि जवळपास प्रत्येक अंकाच्या शेवटी जी कागदपत्रं जोडलीत, आत्मचरित्राची पानं, अहवाल वगैरे, ती तर मी सरळ ओलांडली होती (अक्षरं असूनही! स्वतःचंच नवल वाटतं).

यावेळी चौथ्या अंकाने पकडलं. डॉक्टर मॅनहॅटन हा निळा माणूस मंगळावर एकटा बसलाय, हातात जुना फोटो, आणि त्याला सगळे काळ एकदम दिसतात, लहानपण, अपघात, आत्ता, पुढचं. फोटो हातात आहे, फोटो वाळूत पडलाय, परत हातात आहे. कादंबरीत हेच लिहिलं असतं तर 'त्याला आठवलं', 'त्याला दिसलं' असं करत बसावं लागलं असतं, सिनेमात मागे-पुढे उड्या मारून चक्कर आली असती, पण कॉमिकच्या पानावर सगळे काळ खरोखरच शेजारी-शेजारी असतात ना, नऊ चौकटी, त्यातली पाचवी बघताना पहिली आणि नववी कुठे गेलेली नसतात. म्हणजे तो जसं जग बघतो तसंच मी पान बघतेय! हे कळलं तेव्हा मी मोठ्याने "अगं बाई" म्हणाले.

पाचवा अंक तर भावाने सांगितल्याशिवाय कळलाच नसता. तो अंक आरशासारखा आहे, पहिल्या पानाची मांडणी शेवटच्या पानासारखी, दुसऱ्याची शेवटून दुसऱ्यासारखी, असं करत करत मधली दोन पानं एकमेकांची जोडी. मी दोन्ही बाजूंनी बोटं घालून एकेक पान जुळवत गेले, आणि जुळतं. एवढी कारागिरी, मान्य, शंभर टक्के मान्य. पण मग मला असं होतं की मी गोष्टीत नाहीये, घड्याळाच्या दुकानात उभी आहे आणि मालक मागचं झाकण उघडून चाकं दाखवतोय. समुद्री चाच्यांचं जे कॉमिकमधलं कॉमिक आहे ते मला अजूनही नको वाटतं, आलं की मी परत जुन्या सवयीवर जाते. मुखवटेवाला रॉरशाक सोडला तर कुणासाठी जीव तुटत नाही. आणि रॉरशाकसाठी तुटतो याची काळजी वाटते कारण माणूस भयंकर आहे.

यावर उतारा म्हणून 'टिनटिन इन तिबेट'. हसू नका. लहानपणी वाचलेलं, तेव्हा कॅप्टन हॅडॉकच्या शिव्यांसाठी वाचलेलं, आता परत आणलं. बासष्ट पानं, रेघ सगळीकडे एकाच जाडीची, सावल्यांची खरडाखरड नाही, रंग सपाट, म्हणजे बघायला इतकं सोपं की कोणी म्हणेल यात थांबण्यासारखं काय आहे. थांबण्यासारखं आहे ते पांढरं. टिनटिन काढणाऱ्या एर्जेला त्या काळात पांढऱ्याशुभ्र रंगाची भीतिदायक स्वप्नं पडायची, मानसोपचारतज्ज्ञाने काम बंद करा म्हणून सांगितलं होतं, आणि याने काय केलं तर बर्फाचंच पुस्तक काढलं. मासिकात १९५८-५९ मधे आलं, पुस्तक १९६० ला. हे माहीत झाल्यावर ते रिकामं बर्फ वेगळंच दिसतं, चौकटीच्या चौकटी पांढऱ्या आणि त्यात मुंगीएवढी दोन-तीन माणसं.

यात व्हिलन नाही! टिनटिनमधे व्हिलन नाही म्हणजे काय, पण खरंच नाही. विमान पडलंय, मित्र चांग त्यात होता, सगळे म्हणतात मेला, टिनटिन म्हणतो जिवंत आहे, निघाला शोधायला. बस. दोरीवाला प्रसंग तुम्हाला आठवत असेल, वर टिनटिन कड्याला धरून, खाली हॅडॉक लोंबकळतोय, आणि हॅडॉक म्हणतो दोरी कापतो, एक तरी वाचेल. ज्या माणसाला आपण पुस्तकभर बाटली शोधताना आणि पाय घसरून पडताना बघितलं त्याने हे म्हणावं, आणि म्हणताना सुद्धा चाकू उघडताना धांदल व्हावी. मी लहानपणी इथून भरकन पुढे गेले असणार कारण मला यातलं काहीच आठवत नव्हतं. चांग हा एर्जेच्या खऱ्या मित्रावरून घेतलेला, झांग चोंगरेन, १९३४ साली भेटलेला, मग ताटातूट, आणि पुस्तकानंतर वीसेक वर्षांनी, १९८१ मधे ते दोघं खरोखर परत भेटले. शेवटच्या चौकटीत काय आहे ते सांगत नाही, पण तिथे एकही फुगा नाही आणि मी तिथे बराच वेळ होते.

'बर्सर्क' हे जपानी कॉमिक सध्या थांबवलंय. वाईट म्हणून नाही, झेपत नाही म्हणून. केंतारो मिउराची रेघ बघून बोटं दुखतात, चिलखताचा एकेक तुकडा, एकेक केस, पण रक्तपात आणि बायकांवरचे अत्याचार इतके की रात्री झोपायच्या आधी वाचायचं हे पुस्तक नव्हे. मिउरा २०२१ मधे गेला, जेमतेम ५४ वर्षांचा, आणि त्याने गोष्टीचा शेवट ज्याला सांगून ठेवला होता तो मित्र कोजी मोरी आणि मिउराच्याच स्टुडिओतले चित्रकार २०२२ पासून पुढचं काढतायत. तिथपर्यंत पोचेन तेव्हा बोलू.

त्याऐवजी झोपताना 'योत्सुबातो' वाचते. कियोहिको अझुमाचं, २००३ पासून चालू असलेलं, आणि यात काहीही होत नाही. पाचेक वर्षांची हिरव्या केसांची पोरगी, बाप, शेजारच्या तीन बहिणी. पोरगी झोका बघते. पोरगी पाऊस बघते आणि धो धो पावसात जाऊन नाचते. झालं, संपला भाग. पण चेहरे बघा हो. योत्सुबा अगदी मोजक्या रेघांची, तोंड म्हणजे नुसता आकार, आणि तिच्या मागचं घर, तारा, झाडं, पंखा, सगळं इतकं नीट आणि निवांत काढलेलं की दोन संवादांच्या मधे अझुमा नुसती एक शांत चौकट ठेवतो आणि त्यात ती पोरगी काहीतरी बघत असते. हे पुस्तक फुगे फोडत वाचलंत तर सात मिनिटांत एक भाग संपतो आणि हातात काही येत नाही. चौकटींबरोबर बसलात तर विनोद त्या शांत चौकटीतच असतो, बापाच्या चेहऱ्यावर.

स्कॉट मॅक्लाउडने १९९३ साली कॉमिक्स कशी चालतात यावर कॉमिकच्याच रूपात एक पुस्तक काढलं, त्यात त्याने दाखवलंय की एका चौकटीत कुऱ्हाड उगारलेली आणि दुसरीत शहरावर किंकाळी, मधल्या कोऱ्या पट्टीत खून कोणी केला तर तुम्ही केलात, वाचणाऱ्याने. हे मला फार पटलं होतं, पण मला वाटायचं हे खूनबिनालाच लागू पडतं. योत्सुबा वाचताना त्या पट्टीत नुसती दुपार जाते.

शेवटचं 'सागा', आणि हे मात्र मी अधाशासारखं वाचतेय, प्रयोग गेला खड्ड्यात. ब्रायन व्हॉन लिहितो, फियोना स्टेपल्स काढते, २०१२ ला सुरू झालं. एक ग्रह आणि त्याचा चंद्र यांचं युद्ध, दोन्ही बाजूंचे सैनिक प्रेमात पडून पळून गेलेत, त्यांना मुलगी झालीय, आणि सगळं विश्व मागे लागलंय. डोक्याच्या जागी टीव्ही असलेला राजपुत्र आहे, कोणी खोटं बोललं की तिथल्या तिथे 'खोटं' म्हणून सांगणारं मोठं मांजर आहे, या मांजरासाठी मी पुस्तक घ्यायला तयार होते. लहान मुलांसमोर ठेवू नका, पहिल्याच पानावर कळेल का ते. यात गोष्ट सांगते ती मुलगी, हेझल, मोठी झाल्यावर, आणि तिची वाक्यं फुग्यात नाहीत, चौकोनात पण नाहीत, ती स्टेपल्सने स्वतःच्या हाताने थेट चित्रावर लिहिलीत, आभाळावर, भिंतीवर, कुणाच्या तरी खांद्याशेजारी. म्हणजे फोडायला फुगाच नाही! वाक्य वाचायचं तर चित्रात शिरावंच लागतं.

हे २०१८ मधे ५४ व्या अंकावर एका भयंकर जागी थांबलं होतं ते थेट २०२२ च्या जानेवारीत परत सुरू झालं, ज्यांनी ती साडेतीन वर्षं काढली त्यांना माझा नमस्कार, मी उशिरा आले म्हणून मला ५४ नंतर लगेच ५५ मिळाला, तरी मधे एक रात्र मी पुस्तक बंद करून ठेवलं होतं. व्हॉनची एक खोड आहे, जवळपास प्रत्येक अंक शेवटच्या पानावर धक्का देऊन संपवायचा, सलग वाचलं की तो धक्का कधी येणार हे पानांच्या जाडीवरून कळायला लागतं आणि थोडी मजा जाते. महिन्याला एक अंक असंच वाचायचं पुस्तक आहे हे खरं तर, पण एवढा धीर कुणाला.

आता 'अकीरा'चा पाचवा व्हॉल्यूम घ्यायला गेले तर तो जागेवर नाही. भावाने नेलाय, तीन आठवडे झाले, मी चौथ्याच्या शेवटी तशीच लटकलेय. काल फोन करून विचारलं, अरे संपला की नाही तुझा. तर म्हणे, "थांब गं ताई, मी चित्रं बघतोय."